परडीतले दोनशे रुपये

बाई, नमस्कार. मी निपाणीची, वय बेचाळीस. घरात मी, मिस्टर, सासूबाई आणि एकुलती मुलगी. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. मिस्टरांची तंबाखूची वखार आहे. सव्वा महिन्यापूर्वी एका रविवारी मी आणि मुलीनं घरात 'जोगवा' बघितला. मुलगी रात्रभर झोपली नाही. मलाही वाटलं, आपल्या दारात वीस वर्षं यल्लम्माला सोडलेली जोगतीण येते, पण दिसली आजच.

पुढच्या शुक्रवारी जोगतीण आली तशी मुलगी पळत बाहेर गेली. तिचे हात धरून रडायला लागली. "मावशी, तुम्हाला कुणी सोडलं? तुम्ही पळून का नाही गेलात?" असं विचारलं आणि साठवलेले दोनशे रुपये परडीत टाकले. जोगतीण काही बोलली नाही. नोटा काढून कट्ट्यावर ठेवल्या आणि जोगवा न घेताच गेली. चार शुक्रवार झाले, आलेली नाही. सासूबाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. त्यांना मुलगी म्हणाली, "आज्जी, तुमच्यासारख्यांमुळंच हे चाललंय." आता सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगराला जायचं आहे, तर ती येणार नाही म्हणते. मिस्टर मला म्हणतात, "पिक्चर दाखवायची हौस कुणाला आलती?"

शिवाय कॉलेजात मोबाइलवर छोटी फिल्म करायची स्पर्धा आहे. मुलीला त्या जोगतिणीवरच फिल्म करायची आहे. माझं चुकलं का? आता काय करू?

— एक आई, निपाणी

ताई,

तुमचं पत्र मूळचं चार पानी. जागेअभावी वर थोडक्यातच दिलंय, पण मी ते अख्खं तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली. शाळेतली नोकरी सुटून आठ वर्षं झाली, खोड सुटलेली नाही. चार पानांत 'जोगतीण' हा शब्द चौदा वेळा आलाय. मुलीचं नाव आहे, सासूबाईंच्या डॉक्टरांचं आहे, तुमच्या मांजराचंसुद्धा आहे. वीस वर्षं दारात येणाऱ्या त्या बाईचं नाव मात्र कुठं नाही. त्याकडे मी परत येणार आहे.

आधी मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर. हौस तुम्हाला आली हे बरंच झालं. 'जोगवा' मुलीनं आज ना उद्या बघितलाच असता. एकटीनं, कानात बोंडं घालून, मोबाइलवर बघण्यापेक्षा आईच्या शेजारी बसून बघितला हे उत्तम. २००९ चा हा राजीव पाटलांचा चित्रपट राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागरांची 'दर्शन' ही कथा यांच्यातून उभा राहिलाय. गवस तुमच्या शेजारच्या गडहिंग्लज भागातले. म्हणजे ही गोष्ट मुंबईच्या कुणी लांबून रचलेली नाही. सुलीच्या केसांत जट निघाली म्हणून तिला देवीला सोडतात, तायप्पाला पुरुष असून लुगडं नेसायला लावतात. उपेंद्र लिमये यांना त्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ती बातमी आमच्या बेळगावात लोकांनी पेढे वाटल्यासारखी एकमेकांना सांगितली होती. आणि सौंदत्तीचा डोंगर आपल्याच जिल्ह्यात! गंमत अशी की गाणी सगळ्यांना पाठ झाली. 'लल्लाटी भंडार' लागलं नाही अशी जत्रा की वरात मी तरी अलीकडे बघितलेली नाही. ज्या गोष्टीसाठी चित्रपट काढला, ती मात्र वरातीत कुणाला आठवत नाही. तुमच्या लेकीला आठवली, तीही रात्रभर. त्याबद्दल तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

आता चुकलं कुठं ते सांगते, आणि त्यासाठी माझीच फजिती सांगावी लागेल.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. १९८० च्या आसपास धारवाडला एम.ए. करत होते. कन्नड यायचं ते बाजारापुरतं, 'एष्टु' (किती) आणि 'बेडा' (नको) एवढंच. खोलीत गदगची एक मैत्रीण होती. एका संध्याकाळी ती मला ओढून 'घटश्राद्ध' बघायला घेऊन गेली. गिरीश कासरवळ्ळींचा हा पहिला चित्रपट, १९७७ चा, यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा, सुवर्णकमळ मिळालेला. मागं प्रोजेक्टरची घरघर, रीळ बदलताना दिवे लागायचे, आणि मैत्रीण माझ्या कानात मोडक्यातोडक्या मराठीत संवाद सांगायची. अर्ध्यात तिनं सांगणं थांबवलं. तिलाच रडू येत होतं. मलाही तोपर्यंत भाषेची गरज उरली नव्हती.

एका वेदपाठशाळेच्या गुरुजींची विधवा मुलगी यमुना. तिला दिवस जातात. तिथं नव्यानं शिकायला आलेला नाणी नावाचा लहान मुलगा हे सगळं बघतो. त्याला अर्धं कळतं, अर्धं कळत नाही. शेवटी बाप जिवंत मुलीचं श्राद्ध घालतो. घट फोडला की ते माणूस आपल्याला मेलं. केस काढलेली यमुना झाडाखाली एकटी बसलेली असते आणि मुलगा गाव सोडून जाताना तिच्याकडं वळून बघतो.

त्या शनिवारी मी लोंढ्याला गाडी बदलून घरी आले. आमच्या घरात माझी आत्या असायची. विधवा, सत्तरीची, डोक्यावरचा पदर कधी ढळू न दिलेली. लहानपणापासून मी तिला बघत होते, म्हणजे चुलीजवळ काहीतरी हलतंय एवढंच बघत होते. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि भाषण ठोकलं. तुझ्यावर अन्याय झाला, तुला माणूस म्हणून जगू दिलं नाही, वगैरे. डोळ्यांत पाणी, आवाज कापरा. आत्या म्हणाली, "बाजूला हो, कढी उतू जाईल."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. सोमवारी पहाटे मी निघताना दशम्या बांधून दिल्या आणि हळूच विचारलं, "त्या पिक्चरातल्या बाईला पुढं कुणी ठेवून घेतलं का गं? पोटाला कुणी घातलं?"

मी म्हटलं, चित्रपट तिथंच संपतो.

"मग अर्धाच बघितलास की," आत्या म्हणाली.

ताई, तुमच्या मुलीनं अर्धाच बघितलाय. दिग्दर्शकानं दिवे लावले तिथं 'जोगवा' संपला. तुमच्या दारातली बाई त्यानंतरही जगली. तिनं घर चालवलं, आजार काढले, कदाचित मुलं वाढवली, दर मंगळवार-शुक्रवार पायपीट केली, आणि या सगळ्याचं तिचं म्हणून काही मत असेल. "पळून का नाही गेलात?" हा पडद्यावरच्या सुलीला विचारायचा प्रश्न होता. तो पन्नास-साठीच्या बाईला भर रस्त्यात, शेजारीपाजारी बघत असताना विचारला, की त्याचा अर्थ एकच होतो: तुझं आयुष्य फुकट गेलं, मान्य कर.

दोनशे रुपयांचंही तसंच. जोगवा म्हणजे भीक नव्हे. तो पाच घरी मागायचा, देवीच्या नावानं मागायचा, आणि जे पीठ-जोंधळे पडतील ते घ्यायचे, असा रिवाज आहे. त्या रिवाजात त्या बाईची काही पत आहे. तुमच्या सासूबाई उंबऱ्यावर येऊन, पदर सावरून, आधी परडीला हळदकुंकू लावत असतील, हे मी न बघता सांगते. लेकीनं नोटा टाकल्या आणि त्याच परडीचं भीक मागायचं भांडं झालं. तिनं त्या उचलून कट्ट्यावर ठेवल्या. मला तर त्या बाईचा अभिमान वाटला.

सिनेमाच्या इतिहासात एक प्रयोग सांगतात. रशियात लेव कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकानं मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचं एक दृश्य घेतलं. एकदा ते सुपाच्या थाळीशेजारी जोडलं, एकदा शवपेटीशेजारी. प्रेक्षक म्हणाले, काय भूक दाखवलीय, काय दुःख दाखवलंय! चेहरा तोच होता. भूक आणि दुःख बघणाऱ्यांनी आपल्या मनातून त्यावर चढवलं होतं. सगळा सिनेमा या युक्तीवर चालतो, त्यात लबाडी काही नाही. पण अंधारातून बाहेर आल्यावरही थोडा वेळ आपण तेच करत राहतो. रविवारी बघितलेलं दृश्य शुक्रवारी आलेल्या चेहऱ्याला जोडलं गेलं. मुलीला सुली दिसली. समोर कोण होतं हे अजून कुणाला माहीत नाही.

याच न्यायानं तुम्हालाही एक विचारते. ती तुमच्या मुलीमुळंच येत नाही हे कशावरून? तिचे गुडघे धरले असतील. सुनेचं बाळंतपण असेल. ती डोंगरावर गेली असेल. चार शुक्रवार म्हणजे एक महिना, एवढ्यात माणसाचं काहीही होतं. सगळं आपल्याच घरातल्या प्रसंगाभोवती फिरतंय असं वाटणं हेसुद्धा चित्रपटाचंच खूळ.

तेव्हा आता नावाचं. आज संध्याकाळी सासूबाईंपाशी बसा आणि विचारा, ती कोण, कुठली, राहते कुठं. त्यांना माहीत असणार. नुसतं नाव नव्हे, तिला पोरं किती, कुणाचं कुठं दिलंय, तिच्या घराचं छप्पर कधी गळतं, सगळं. वीस वर्षं उंबऱ्यावर त्या दोघी फक्त पिठाची देवाणघेवाण करत होत्या असं वाटतं तुम्हाला? हे विचारताना मुलगी तिथं असली तर चांगलं, पण तिला मुद्दाम बोलावून बसवू नका. दाराआडून ऐकलेलं जास्त पोचतं.

मग तुम्ही जा, शक्यतो सासूबाईंना घेऊन. क्षमा मागायचा समारंभ नको. चार शुक्रवारांची परडी राहिलीय, ती घेऊन जा. जोंधळे, तेल, हळदकुंकू, तुमच्यात जे द्यायची रीत असेल ते. "पोरगी लहान आहे, बोलायचं कळलं नाही" एवढं एकदाच म्हणा आणि चहा दिला तर प्या. पुढं यायचं की नाही हे तिच्यावर सोपवा.

मुलगी आधी नको. तिनं जायचंच असेल तर पंधरा दिवसांनी, आणि हातात काम घेऊन. कर्नाटकानं १९८२ मध्ये मुली सोडण्याविरुद्ध कायदा केला, पण आधीच सोडलेल्या बायकांचं पोट कायद्यानं भरत नाही. अशा बायकांसाठी राज्य सरकारचं मासिक निवृत्तिवेतन आहे, त्याला सरकारी सर्वेक्षणाच्या यादीत नाव असावं लागतं. ते तिला मिळतं का, वेळेवर येतं का, बँकेत कुठं अडलंय का, हे विचारता येईल. अर्ज कन्नडमध्ये असतात. आपल्या निपाणीकडच्या कितीतरी बायका त्यावर दुसऱ्याच्या भरवशावर अंगठा उठवतात. तुमच्या घरात चांगलं कन्नड येतं ते पीयूसीच्या पोरीला. तिला म्हणावं, दोनशे रुपयांपेक्षा तुझं कन्नड महाग आहे. अर्थात त्या बाईला हवं असेल तरच. नको म्हणाली तर विषय बंद.

आता आज्जी. 'फँड्री'चा शेवट तुम्ही बघितला असेल. जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट आपल्या अंगावर येतो. नागराज मंजुळेंनी तो प्रेक्षकाला मारलाय, यात दोन मतं नाहीत. पण आपण हुशार. दगड आला की वाकतो, मग तो मागच्याला लागतो. तुमच्या मुलीच्या मागं आज्जी उभी होती. ती बिचारी परडी भरते, उपास करते, देवीला बोलते. तिनं कुणाची पोर सोडलेली नाही. "तुमच्यासारख्यांमुळं" हे वाक्य मुलीनं परत घ्यायला हवं, हे तिला स्पष्ट सांगा. इथं मी आज्जीच्या बाजूला आहे.

मात्र आज्जींनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. देवी वेगळी आणि देवीच्या नावावर पोरी सोडणं वेगळं. जट म्हणजे न विंचरलेल्या केसांत तेल, हळद, घाम बसून झालेला गुंता. ती कात्रीनं निघते, कोप कुणाचा होत नाही. हे तुम्ही सांगण्यापेक्षा तो चित्रपट सांगेल. त्यांची इच्छा असेल तर त्यांनाही दाखवा, फक्त बघताना त्यांच्या तोंडाकडं टक लावून बसू नका, आता रडतील मग रडतील म्हणून. आणि त्याआधी मुलीला एक काम द्या. आज्जीला विचार, तू पहिला सिनेमा कुठं बघितलास, कुणाबरोबर, घरी सांगून की न सांगता? त्यांच्या वयाची निपाणीची बाई म्हणजे 'साधी माणसं' बघितलेला असण्याची शक्यता दांडगी. भालजी पेंढारकरांचा, १९६५ चा, म्हणजे कोल्हापूरचा, तुमच्या घरचाच. 'ऐरणीच्या देवा' म्हणायला लावा. शहरात गेलेल्या त्या लोहाराच्या बायकोची गोष्ट बघून त्या काळी कितीजणींना आपल्या धन्याचा भाता ओढणारा हात दिसला असेल, सांगता येत नाही. दृष्टी बदलणारे चित्रपट आपल्याच पिढीला मिळाले अशी तुमच्या लेकीची समजूत दिसते. तिच्या वयात माझीही होती.

डोंगराला जायचं म्हणाल तर जबरदस्ती नको. सतरा वर्षांच्या मुलीला हात धरून देवीपुढं उभं केलं तर तिला 'जोगवा'च आठवेल, आणि तिचं चुकणार नाही. तुम्ही, सासूबाई, मिस्टर जाऊन या. मिस्टरांनी तोंड फिरवलं तर फिरवू द्या, वखारीत सीझन सुरू झाला की विसरतील. तिनं मागं राहावं, पण रुसून नव्हे. परत आल्यावर घरात आंबील होईल, घुगऱ्या होतील, वांग्याची भाजी, कांद्याची पात. त्या पंगतीला तिनं असावं असं माझं मत. आंबिलीनं कधी कुणाच्या पोरीला सोडलेलं नाही.

घाई करू नका एवढंच. सत्यजित राय १९५० साली नोकरीच्या कामानं लंडनला गेले, तिथं त्यांनी 'बायसिकल थीव्हज' बघितला आणि आपण चित्रपट करायचा हे त्यांचं पक्कं झालं. लोक गोष्ट इथंच थांबवतात, फार छान वाटते म्हणून. 'पथेर पांचाली' पडद्यावर यायला १९५५ उजाडलं. मधल्या काळात नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी चित्रीकरण, विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने गहाण, पैसे संपले की काम बंद. डोळे एका संध्याकाळी उघडले, पण त्या डोळ्यांनी काही करून दाखवायला पाच वर्षं गेली. तुमच्या मुलीचा तर आत्ता कुठं चौथा शुक्रवार झालाय. 'आयुष्य बदलून टाकणारे दहा चित्रपट' असल्या याद्या ती वाचत असेल तर वाचू द्या, मीही वाचते. पण दर आठवड्याला आयुष्य बदलत असेल तर ते कशाचं बदलणं, सर्दीपडसं म्हणायचं ते.

राहिली तिची फिल्म. इथं मी कडक आहे. आत्ता नाही. स्पर्धेची तारीख जवळ आली असेल तर तिनं दुसरा विषय घ्यावा. आज्जीच्या पहिल्या सिनेमाचा विषय आयता आहे, आणि तुमच्या वखारीच्या वासावर, आवाजावर पाच मिनिटं निघतील की. त्या बाईवर फिल्म करायचीच असेल तर ओळख झाल्यावर, तिनं होय म्हटल्यावर, आणि काय दाखवायचं नाही हे तिनं आधी सांगितल्यावर. चित्रीकरण झालं की कॉलेजात देण्याआधी तिच्या घरी जाऊन, तिच्याच हातात मोबाइल देऊन, सगळं दाखवायचं. एखादा तुकडा काढून टाक म्हणाली तर तिथंच, तिच्यासमोर काढायचा. मोबाइलमध्ये पुसलेले व्हिडिओ महिनाभर दुसऱ्या कप्प्यात राहतात, ते मला नातवानं दाखवलंय. तिथूनही.